जिनाच्या भिंतीवरच्या बाया

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. डोणगावच्या बाजारामागे कापसातली सरकी काढणारे एक जिन होते, त्याची मी रस्त्याकडची भिंत. हंगामात माझ्या सावलीला कापसाच्या बैलगाड्या उभ्या राहत. सकाळी भोंगा वाजला, की भाकरीची गाठोडी घेतलेल्या बाया लगबगीने आत शिरत.

पुढे मालक परगावी गेला आणि जिन बंद पडले. यंत्रे गेली, पत्रे गेले, दारांच्या चौकटीसुद्धा लोकांनी काढून नेल्या. महाराष्ट्र राज्य झाले तेव्हा बाजारातल्या भिंतींना नवा चुना लागला. माझ्याकडे कोणी फिरकले नाही. माझ्या पायथ्याशी उकिरडा साचला. येणारेजाणारे नाकाला पदर लावत. मला फार लाज वाटे.

समोर रुखमाबाई राहत. त्यांची उमेदीची वर्षे याच जिनात गेलेली. एका दिवाळीला घर सारवून-रंगवून झाल्यावर उरलेला चुना आणि गेरू घेऊन त्या माझ्यापाशी आल्या. कडुनिंबाची काडी चावून त्यांनी कुंचला केला आणि कापूस निवडत बसलेल्या जिनातल्या बाया काढू लागल्या.

तेवढ्यात शेजारची तानुबाई कचऱ्याची टोपली घेऊन आली.

“हे कोन वं, रुखमाबाई?”

“वळखलं नाही? तुही माय. अशीच एका अंगाले झुकून बसे.”

तानुबाई रांगत होती तेव्हाच तिची आई गेली होती. घरात फोटो नव्हता. गेरू ओला होता, म्हणून तिने हात लावला नाही. नुसती जवळ उभी राहिली.

“इतकी बारीक होती?”

“हाव. पन आवाज मोठा! यंत्र चालू असलं तरी तिचं गानं आयकू ये.”

तानुबाईने भरली टोपली तशीच परत नेली. मग दुसऱ्या बाया आल्या. “माह्या आजीले काढा,” म्हणू लागल्या. उकिरडा त्यांनीच उपसला.

पण मी वरून कलले होते. मला पाडायला सरपंच शेषराव पहारी घेतलेले मजूर घेऊन आले.

“उद्या लेकराईच्या अंगावर पडली तं?” ते म्हणाले. खरेच होते ते.

तानुबाई पुढे झाली. “वरची पाडा, भाऊ. खालची राहू द्या. माही माय हाये तिथं.”

शेषरावांनी वाकून चित्र पाहिले. मग मजुरांना म्हणाले, “सब्बल ठेवा बे खाली. एकेक वीट हातानं उतरवा.”

आता मी निम्मीच उरले आहे. पावसाने चित्र धुपते. रुखमाबाई वारल्या, तेव्हापासून तानुबाईच ते पुन्हा काढते. तिचा हात तितका सराईत नाही. आईचा चेहरा दरवर्षी थोडा थोडा तानुबाईसारखाच होत चालला आहे. कोणी तिला तसे सांगत नाही.

मित्रांनो, पडक्या जागेत कचरा टाकण्याआधी तिथे कोण राबले होते ते एकदा विचारा. आणि सांगणारे माणूस गावात आहे तोवरच त्याच्याजवळ जाऊन बसा.