पोत्याहून हलकी पोरगी

पिंपळगाव राजा या गावच्या रामरावांच्या खानदानात सर्दीसुद्धा आधी कूळ विचारून मगच शिरते, असं ते स्वतःच सांगत. त्यांच्या आजोबांना साप चावला, तर तो साप आठ दिवस बांधावर माफी मागत पडून होता म्हणे! अशा घरात त्यांच्या लेकीची, पुष्पांजलीची पाळी पाच महिने आली नाही, हनुवटीवर राठ केस फुटले, तरी दवाखान्याचं नाव काढायची सोय नव्हती.

"पीसीओडी? हे बिमारी विलायतच्या जाड्या बायांची हाय," पुष्पांजलीने पाळीच्या या आजाराचं नाव काढताच रामराव म्हणाले. मोबाइलवर त्यांनी तशी एक गोरी पाहिली होती. तेवढ्यावर न थांबता त्यांनी लेकीला सोयाबीनची पोती तोलायच्या काट्यावर चढवलं. "पाह्य! पोत्याहून हलकी. कायची बिमारी?"

हमाल फिदीफिदी हसले. पुष्पांजलीने मनातल्या मनात बापाची अक्कल तोलून पाहिली. गुंजभरही भरेना.

"येता, का मी एकटीच एसटीनं जाऊ?" तिने विचारलं. एकटी पोरगी दवाखान्यात दिसली तर लोक काय म्हणतील, या धास्तीने रामराव मुकाट खामगावला आले. तिथे बाकावर गावातल्याच तौसिफ किराणावाल्याची पोरगी अलीजा बसलेली.

"तुले बी तेच?" अलीजाने स्वतःच्या हनुवटीला हात लावत विचारलं.

"हाव."

रामरावांनी तोंड फिरवलं.

आत डॉक्टर प्राचींनी सगळं तपासलं. "पीसीओडीच आहे. वजनावर जाऊ नका, काका. गोऱ्या बायकांत हा आजार बहुधा जाडीसोबत दिसतो. चिनी-जपानी बायकांना केस फारसे येत नाहीत. आपल्याकडे केस जास्त, आणि काडीसारख्या मुलीच्या अंगातही साखरेचा घोळ असतो. घरात कोणाला शुगर?"

"आमच्या खानदानात? छ्या!"

"बाबाले हाय," पुष्पांजली म्हणाली. "पानाच्या डब्यात गोळ्या लपवतात, अन् लोकाईले सांगतात, फिक्का चहा नवसाचा हाय."

रामरावांच्या मिशा ओल्या गवतासारख्या लोळल्या. तरी पीळ जाईना. "बरं, हाय त हाय. पण आमच्यासाठी भारीतली गोळी लिहा. बाहेर बसलेल्या पोरीची नको."

"खानदान पाहून गोळी बदलत नाही, काका."

"मंग नकोच! चाल वं घरी."

पुष्पांजलीने चिठ्ठी उचलली. "तुम्ही व्हा पुढे बाबा. खानदान घेऊन जा सोबत, इथं जागा कमी हाय."

आणि ती औषधाच्या खिडकीशी जाऊन अलीजाच्या मागे उभी राहिली.