साठाची रेघ

मित्रांनो, मी थर्मामीटर. ताप आल्यावर तुमच्या काखेत ठेवतात तो नव्हे. मी हातभर लांब, पितळी नळीत बसवलेला, सुरतेला बमरोलीतल्या एका रंगाच्या मिलमध्ये राबलेला जुना थर्मामीटर. आधीच सांगून टाकतो, मी भित्रा आहे. काचेच्या जातीला धीर कुठून येणार? पण माझी भीती फुटण्याची नाही. ती कशाची, हे सांगायलाच तुम्हाला बसवून घेतलं आहे.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारागिराने माझी नळी ओढली, पोटात पारा भरला आणि मला आधी बर्फात, मग उकळत्या पाण्यात बुडवलं. पारा जिथे जिथे थांबला तिथे खुणा केल्या आणि मधल्या जागेत बारीक रेघा आखल्या. तेव्हापासून मला एकच काम येतं. पाणी तापलं की चढायचं, निवलं की उतरायचं. मला ओरडता येत नाही, कुणाचा हात धरता येत नाही. बघणाराच नसेल तर माझं चढणं फुकट जातं.

मिलमध्ये मला जिगरवर टांगलं. जिगर म्हणजे खाली पाण्याची टाकी आणि वर दोन मोठे रूळ. कापड एका रुळावरून सुटतं, टाकीतल्या पाण्यातून जातं आणि दुसऱ्या रुळावर गुंडाळलं जातं. जिगर चालवायचा हिलाल, शिरपूरकडचा गडी. त्याच्या हाताखाली त्याचा चुलतभाऊ भिकन. दोघे माझ्या शेजारी उभे राहून आपल्या अहिराणीत गप्पा मारत, आणि त्या गप्पांत माझा दिवस बरा जाई. हिलाल मनाने चांगला होता, पण मला फारसं विचारायचा नाही. बोट पाण्याला लावून म्हणायचा, "व्हयनं गरम." मला आतून राग यायचा. बोटाला काय कळतंय साठ आणि ऐंशीमधलं? दोन्ही चटकाच देतात.

एकदा सुती कापडाची मोठी खेप आली. मागावर धागा तुटू नये म्हणून त्याला कांजी पाजतात, ती कांजी या कापडात कडक बसली होती. ती काढल्याशिवाय रंग धरत नाही. डाइंग मास्तर जशुभाईंनी त्यासाठी एक नवं औषध आणलं. त्याला ते एन्झाइम म्हणत. तुमच्या पुस्तकात त्यालाच विकर म्हटलेलं असतं. हे विकर कांजी खातं. तुमच्या थुंकीतही त्याचं भावंड आहे. भाकरीचा घास बराच वेळ चावून बघा, गोडसर लागू लागेल. थुंकीतलं विकर पिठाची साखर करत असतं. तोच घास पोटातल्या आंबट रसात उतरला की या विकराचं काम थांबतं.

असं हे विकर फार नाजूक असतं. गार पाण्यात रेंगाळतं. पाणी तापत गेलं की झपाट्याने खातं. त्याहून जास्त तापलं की त्याची घडीच मोडते, आणि मग पाणी पुन्हा निववलं तरी ते उठत नाही. उकडलेलं अंडं परत कच्चं होतं का? आंबटपणा चुकला तरी ते असंच निकामी होतं. आंबटपणा माझ्या हातातला नाही. त्यासाठी कागदाची एक पट्टी असते, पाण्यात बुडवली की रंग बदलून सांगते. आम्हा दोघांना विचारूनच काम करावं लागतं.

जशुभाईंनी हिलालला बजावलं, "साठ से उपर मत जाने देना. उपर गया तो मर जाएगा."

मास्तर गेल्यावर हिलाल हसत सुटला. "भिकन, औषध बी कधी मरस का रे?"

त्याचं तरी काय चुकलं? मिलमधली बाकीची सगळी कामं उलट स्वभावाची. रंग, सोडा, साबण, सगळ्यांना जितकी आच जास्त तितकी घाई. त्याने जन्मभर तेच पाहिलेलं. पण हे औषध त्या जातीचं नव्हतं.

तो कानबाईचा रविवार होता. श्रावणात खानदेशातल्या घरी कानबाई बसते. सुरतेला आल्यापासून पहिल्यांदाच हिलालच्या खोलीत देवी बसणार होती. घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने गहू घेऊन दळायचे आणि त्या पिठाचे रोट भाऊबंदांनी एका पंगतीत बसून खायचे, अशी रीत. नावाचा गहू दळला आणि माणूस पंगतीला नाही, हे त्या घरात अशुभ. हिलालची बायको कमल सकाळपासून उपाशी होती. जशुभाईंनी मात्र सांगून ठेवलं होतं की खेप उरकल्याशिवाय सुट्टी नाही.

दुपारी टाकीत औषध घातल्यावर हिलालने पाणी तापवणाऱ्या वाफेची चावी पुरी फिरवली.

"दादा, मास्तरनी साठ सांगेल शे," भिकन म्हणाला.

"अरे, गरम व्हयनं की लवकर व्हई जाई. घर सगळा वाट देखी ऱ्हायनात."

मी साठाच्या रेघेवर आलो. मग सत्तर. मग ऐंशी. मित्रांनो, मी जीव खाऊन चढत होतो, आणि कुणी बघत नव्हतं. पाण्यात काही दिसलंही नाही. ना रंग बदलला, ना वास आला. विकर मुकाट्याने मेलं.

कापड बाहेर काढून हिलालने त्यावर आयोडीनचा थेंब टाकला. थेंब गर्द निळा झाला. निळा म्हणजे कांजी जशीच्या तशी. त्याचा चेहरा उतरला. "आते मास्तर माले काढी टाकी," तो पुटपुटला. ही नोकरी गेली तर बमरोलीतली खोलीही जाणार होती.

मग त्याला जुनी पद्धत आठवली. विकर येण्याआधी कांजी ॲसिडने सोडवत. ॲसिड मिलमध्ये होतंच. त्याने टाकी रिकामी केली, पण ताजं पाणी भरायला वेळ लागणार होता, नळाला धार बारीक. शेजारच्या जिगरजवळ पाण्याने भरलेलं पिंप होतं. वाचवून ठेवलेलं धुण्याचं पाणी असेल, असं त्याला वाटलं. ते होतं कापड पांढरं करायच्या ब्लीचचं पाणी, पुन्हा वापरायला राखलेलं. दिसायला अगदी पाण्यासारखं. वासावरून ओळखावं, तर मिलमध्ये ब्लीचचा वास भिंतींनाही होता. एक पट्टी बुडवली असती तर तिचा रंग उडाला असता आणि हिलाल थबकला असता. पट्ट्यांची डबी समोरच्या फळीवर होती.

दोघांनी पिंप टाकीत ओतलं. टाकीचं लोखंड अजून तापलेलं, वाफेची चावीही उघडीच, पाणी लगेच गरम झालं. भिकन ॲसिडचा कॅन आणायला गेला. ब्लीचला आंबट पाजलं की त्यातून विषारी वायू सुटतो, आणि आच असली की तो आणखी वेगाने सुटतो. मला ठाऊक होतं. माझ्या ठाऊक असण्याचा उपयोग काय?

हिलालने कॅन वाकडा केला. पाणी फसफसलं. आणि तेव्हा, त्या संबंध दिवसात पहिल्यांदा, त्याला माझी आठवण झाली. पाणी किती तापलंय ते वाचायला तो माझ्यावर वाकला. अगदी जवळ. त्याचे डोळे माझ्या रेघांवर होते, आणि माझ्या अंगावरून हिरवट पिवळा धूर वर चढत होता. नको रे, नको, मागे हो, असं मी ओरडलो असतो. मी नुसता पंचावन्नावर उभा राहिलो.

त्याने श्वास घेतला आणि तो गळा धरून खाली बसला.

"दादा! पय, बाहेर पय!" भिकनने तोंडाला पंचा लावला, हिलालला काखेत धरलं आणि ओढत दाराबाहेर उघड्यावर नेलं. बाहेर लोक धावत होते. खोकल्याचा आवाज दूर जात ऐकू येईनासा झाला. मी एकटाच त्या धुरात टांगलेला राहिलो. तो मेला की जगला, हे मला कितीतरी दिवस कळलं नाही. एवढा मी कधीच भ्यालो नव्हतो.

पुढचं मी भिकनच्या तोंडून ऐकलं. हिलाल इस्पितळातून जिवंत परतला. त्या रात्री देवी बसली, पण पंगतीत त्याची जागा मोकळी होती. कमलने त्याच्या नावाचा रोट झाकून ठेवला आणि तो आल्यावर दुधात कुस्करून त्याला भरवला. कोरडा घास त्याच्याने गिळवत नव्हता. आता तो मिलमध्ये येत नाही. जिना चढताना मध्येच बसतो. कमल साड्यांना टिकल्या चिकटवते, त्यावर घर चालतं.

जिगर आता भिकन चालवतो. तो आधी पट्टी बुडवतो, मग मला बघतो, मगच चावीला हात लावतो. नवी पोरं त्याला भित्रा म्हणून हसतात. हसू देत. मला तो फार आवडतो.

मित्रांनो, उद्या शाळेच्या प्रयोगशाळेत तुमच्या हातात एक बाटली येईल, समोर एक भांडं असेल आणि घरी जायची घाई असेल. पाणी कधी सांगत नाही की त्याच्या पोटात काय आहे. ओतण्याआधी थांबा, विचारा, माझ्याकडे एकदा बघा. हिलालनेही मला बघितलं होतं. फक्त ओतून झाल्यावर.