धवल्यातलं नाव

वळ गावात हळद असली की रंगूबाईशिवाय पान हलत नसे. नवरदेवाचं नाव घेऊन देवांना, पितरांना मांडवात बोलवायचं ते धवले गाऊनच, आणि ते गाणारी धवलारीण आसपासच्या गावांत आता ती एकटीच उरली होती. डीजेवाल्यांचं काय जातंय, ते कुणाच्याही हळदीला तीच गाणी लावतात. धवल्यात नाव लागतं, आणि ते चुकून चालत नाही.

त्या नावानंच रंगूबाईची झोप उडवली होती.

पंचवीसेक वर्षांपूर्वी गावातल्या जीवनच्या हळदीत रंगूबाईच्या आईनं, धोंडूबाईनं, धवले गाताना नवरदेवाऐवजी त्याच्या बापाचं नाव घेतलं होतं. बायका पोट धरून हसल्या. पुढं वर्षभरात धोंडूबाई स्वतःचं घर विसरली, मग पोटच्या रंगूलाही. आणि आता त्याच जीवनच्या मुलाची, भाविकची हळद आली होती.

त्यात महिन्यापूर्वी ठाण्याच्या डॉक्टरांनी रंगूबाईच्या मेंदूचा फोटो दाखवून सांगितलं होतं, की आठवणी सांभाळणारा भाग वयाच्या मानानं जरा आकसलाय. रक्ततपासणीत आईकडून उतरलेला दोषही निघाला.

"म्हणजे होणारच असं नाही," डॉक्टर म्हणाले, "पण धोका जास्त. तुमच्या मुलीत तो उतरला असण्याची शक्यता निम्मी."

शेजारी बसलेली माधवी, तिची एकुलती एक लेक, पटकन म्हणाली, "माझं नका तपासू. मला नाही जाणून घ्यायचं."

तेव्हापासून रंगूबाईला बसवत नव्हतं की उठवत नव्हतं. गॅस बंद केला का, कडी घातली का, सगळं फिरून फिरून बघायची. भाकऱ्या थापतानाही पुटपुटायची, "भाविक. जीवन न्हाय, भाविक."

"आये, कान किटले माझे!" माधवी ओरडायची. "दिवसभर आपलं जीवन न्हाय, भाविक!"

"तुला काय होतंय बोलायला? गावासमोर तोंड माझं हाय."

हळदीच्या संध्याकाळी गोडाऊनकडे जाणारे कंटेनरचे ट्रक रस्त्यातल्या मांडवापाशी खोळंबले होते. जीवननं डीजे बंद करायला लावला. रंगूबाई पाटावर बसली, तिला लागून माधवी. एक ओळ आईनं म्हणायची, तीच लेकीनं मागून झेलायची, ही त्यांची रीत. म्हाताऱ्या बायका तिच्या तोंडाकडेच बघत होत्या, आणि का बघतायत ते तिला पक्कं ठाऊक होतं.

नावाची ओळ आली. तिनं श्वास घेतला आणि म्हटलं, "भाविक."

बरोबर! तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं. आईसारखं झालं नव्हतं.

मागून माधवीनं ओळ झेलली, खणखणीत आवाजात. "जीवन."

एक बाई फिस्सकन हसली. माधवीचा हात तोंडावर गेला. दिवसभर कानांवर आदळलेलं नाव जिभेवर आलं असेल, दुसरं काय! पण रंगूबाईला डॉक्टरांचं ते 'निम्मी' आठवलं. आता सगळ्या नजरा माधवीवर होत्या, आणि लेकीवर त्या रंगूबाईला क्षणभरही नको होत्या.

तिनं पुढची ओळ उचलली, माधवीपेक्षा मोठ्यानं. "जीवन." त्याच्या पुढच्या ओळीतही, "जीवन." मागून माधवीही तेच झेलत गेली.

"अगं बाई, रंगू पन गेली आयशीच्या वाटेनं," मागून कुणीतरी म्हणालं. "लेक बिचारी तिच्या मागं म्हनते, ती तरी काय करल?"

भाविकच्या आजीनं येऊन रंगूबाईच्या खांद्यावर हात ठेवला. "भाविक गो, रंगू. जीवनचा पोरगा."

"हां, भाविक," रंगूबाई म्हणाली. "इसरली बाय."

धवला पुरा झाला, डीजे परत सुरू झाला. गोंगाटात माधवी तिच्या कानाशी वाकली. "आये, पहिली मीच चुकले ना?"

"न्हाय गो," रंगूबाईनं तिच्या गालाला हळद लावली. "मीच चुकली."