तळ्याची साफसफाई

उमाकांतला काही सांगून उपयोग नसतो, हे क्षमाला लग्नाच्या अकरा वर्षांत कळायला हवं होतं. ते कळलं शनिवारी संध्याकाळी, चेन्नईत अड्यारच्या कॉलनीच्या फाटकाशी. बँकेतून दमून आली, तर समोर तळं टक्कल करून बसलेलं.

ते तळं बुजवून कॉलनीला गाड्या लावायच्या होत्या. डासांचं आगर आहे म्हणे! क्षमा सहा महिने भांडली. शेवटी अध्यक्ष माधवराव, तंजावरकडचे जुने मराठी गृहस्थ, एवढ्यावर आले की रविवारी सगळे येऊन बघतील. ती सांगते तसे बेडूक, चतुर खरंच दिसले, तर तळं राहील.

आणि उमाकांतनं काय करावं? बायकोला मदत म्हणून मराठी मंडळाचं श्रमदान ठेवावं! वीस जण, कोयते, फावडी, मध्ये पोहे. पाणकणसं मुळासकट उपटली आणि काठ घासूनपुसून साफ केला.

"बघ, तळ दिसतोय!" तो घाम पुसत म्हणाला. "पाहुणे यायच्या आधी घर आवरतोच ना आपण?"

"अरे, तेच तर घर होतं! त्या मुळ्यांत बेडकांची पिल्लं लपायची, नाहीतर मरळ मासा खातो त्यांना. चतुरांची पिल्लं तिथंच राहून डासांच्या अळ्या फस्त करायची. रोज जेवताना काय सांगत होते मी?"

"मला वाटलं, बँकेतलं काहीतरी सांगतेयस."

तिला इतका संताप आला की रडूही येईना.

रविवारी सकाळी माधवराव काठावर वाकले. पाण्यात मरळ तेवढा निवांत फिरत होता.

"क्षमाम्मा, बेडूक कोठें? नुसतें पाणीच की हें. सरि, ठीक, गाड्याच लावूं."

क्षमा फाटकाबाहेर गेली. उपटलेल्या पाणकणसांच्या ढिगावर बगळे तुटून पडले होते. त्यांना हाकलून तिनं एक ओली मुळी उचलली आणि माधवरावांच्या तळहातावर झटकली. बेडकाची चार पिल्लं पडली. तीन मेलेली, एक अजून शेपूट हलवत होतं.

उमाकांतनं ते ओंजळीत घेतलं आणि तळ्याकडे धावला.

"तिथं नको!" क्षमा ओरडली.

तो काठावर थांबला. मरळ पायाशीच होता.

"मग सोडू कुठं?"

"आता तूच सांग," क्षमा म्हणाली.