फेस न येणारी माती

"फेसाळली! माती फेसाळली!"

चौसाळ्याबाहेर हायवेला लागून आखलेल्या प्लॉटांवर शे-दीडशे माणसं एकदम मागं सरकली. गगनानंद महाराजांनी लाल कापडात गुंडाळलेल्या बाटलीतून तीर्थाची धार सोडली होती, आणि जमीन फसफसत होती. आत कुणीतरी दबून पडलंय आणि श्वास घेतंय, असं वाटत होतं.

"बघा कसा तडफडतोय म्हाळू!" महाराज गरजले. "जाणार न्हाई म्हणतो. अरे, तुझा व्हिसा संपला! मी डायरेक्ट कैलासाहून ऑर्डर आणलीय!"

स्वप्नालीनं कडेवरच्या अडीच वर्षांच्या कस्तुरीला छातीशी आवळलं. ती लग्न होऊन आली तेव्हा इथं जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायची भट्टी होती. म्हाळू त्या भट्टीवर कामाला. शेवटच्या वर्षी त्याचे दोन्ही हात मनगटापासून नुसते लोंबायचे, आणि भर दुपारी तो न दिसणाऱ्या कुणाशी तरी भांडत रस्त्यानं जायचा. तो मेला, भट्टी बंद पडली, पत्रेही उचलून नेले. पण त्या तुकड्यावर गवत धरेना, आणि तिन्हीसांजेला तिकडून कुणी जाईना. गहिनीनाथनं ती जमीन घेऊन प्लॉटिंग केलं, तर गिऱ्हाईक फिरकेना. म्हणून हे महाराज.

महाराज प्लॉटाप्लॉटांवर धार सोडत शेवटी भट्टीच्या काळ्या जागेवर आले. तिथं धार सोडली. सगळ्यांनी श्वास रोखला.

काहीच झालं नाही. माती गपगार.

"सुटला!" महाराजांनी हात वर केले. "सगळ्यात शुद्ध जागा हीच. सिद्धभूमी!"

गहिनीनाथनं तिथंच जाहीर केलं की अंगणवाडी याच जागेवर बांधून देणार. त्या मातीच्या पुड्या वाटल्या गेल्या. घर उभं राहीपर्यंत पुडी देवघरात ठेवायची आणि रोज चिमूटभर माती लेकराच्या जिभेवर. स्वप्नालीचे सासरे मन्मथप्पा किराणा दुकानदार, शब्दाचे पक्के. त्यांनी त्याच दिवशी कोपऱ्याचा प्लॉट धरला.

दोन महिन्यांत कस्तुरी बदलली. गुडघे पोटाशी घेऊन कण्हायची. दुधातला भाकरीचा काला पुढं केला की तोंड फिरवायची. येता-जाता "आज्जा, आज्जा" करणारी पोर अंगणात नुसती बसून राही. एका दुपारी झोपेत तिचा हात पाळण्याबाहेर आला, मनगटापासून लोंबता.  स्वप्नालीनं तो हात उचलून पाळण्यात ठेवला, पुन्हा ठेवला, आणि पोर जागी होईपर्यंत धरून बसली.

"म्हाळू लेकरात शिरलाय," महाराजांनी निदान केलं. "आता दोन चिमट्या."

स्वप्नालीनं दोन दिल्या. स्वतःच्या बोटानं.

लसीच्या दिवशी उपकेंद्रातल्या हुस्ना सिस्टरनं कस्तुरीला काट्यावर ठेवलं आणि तिच्या कपाळाला आठी पडली. हुस्ना याच गावची, गॅरेजवाल्या रहीमची लेक. सगळे तिला आपा म्हणत.

"वजन उतरलंय गं. काय देतीस हिला?"

स्वप्नालीनं सगळं सांगितलं. हुस्ना मधेच थांबवून विचारू लागली.

"बाटली कशाची हाय?"

"प्लास्टिकची."

"तीर्थ, अन् तांब्याच्या गडव्यात कावून न्हाई? बरं, महाराजांच्या धोतराला खाली भोकं हायत का?"

"हायत की! चाळणीवानी. तुमाला कसं कळलं, आपा?"

"माझ्या अब्बांची एक पँट धड न्हाई. बॅटरीतलं तेजाब, म्हंजे ॲसिड, उडलं की कापड असंच जळतं." हुस्ना हसली, पण डोळे हसले नाहीत. "आपल्या मातीत चुनखडी हाय. तिच्यावर तेजाब पडलं की फसफसणारच. त्यात भूत काय करतंय?"

"मग भट्टीच्या जागी कावून फसफसलं न्हाई?"

हुस्नानं कस्तुरीला काट्यावरून उचलून मांडीवर घेतलं. "तिथं वर्षानुवर्षं बॅटऱ्यांचं तेजाब सांडलं, स्वप्नाली. चुनखडी कधीच खाऊन टाकली त्यानं. आता फसफसायला काय उरलं? उरलंय ते शिसं."

स्वप्नालीनं आपल्या बोटाकडं पाहिलं.

बीडच्या बालरोगतज्ज्ञांनी कस्तुरीचं रक्त तपासायला पाठवलं. रिपोर्ट आला. शिसं होतं, आणि भरपूर होतं.

अंगणवाडीच्या पायाभरणीला पुन्हा गर्दी जमली. महाराज शहाबादी फरशीच्या, म्हणजे चुनखडीच्याच दगडाच्या, चौथऱ्यावर मांडी घालून बसले होते. स्वप्नाली पुढं झाली, मागोमाग हुस्ना.

"महाराज, थोडं तीर्थ या फरशीवर सोडा."

"पोरी, फरशीत भूत नसतंय."

"म्हणूनच सोडा."

"सूनबाई!" मन्मथप्पांचा आवाज चढला. ती हटली नाही. तेवढ्यात हुस्नानं बाटली उचलून चौथऱ्याच्या कडेला धार सोडली. फस्स करून पांढरा फेस उठला.

"आरारा!" मागून रहीम ओरडला. "म्हाळू तर महाराजांच्या बुडाखालीच बसलाय!"

हशा उसळला. महाराज धोतर सावरत टुणकन उठले. "देवाची चेष्टा करता?" म्हणेपर्यंत त्यांचा एक पाय जीपमध्ये होता.

स्वप्नालीनं रिपोर्ट वाचायला घेतला, तसा हशा विरला. बायका आपापल्या लेकरांकडं बघू लागल्या. गर्दीतून साखराबाई पुढं आली, म्हाळूची बायको. इतकी वर्षं ती या रस्त्यानं मान खाली घालून जायची.

"माझा माणूस भूत न्हवता," ती म्हणाली. "त्याचं बी पोट असंच दुखायचं. कुणी इचारलं न्हाई."

मन्मथप्पांनी सुनेच्या हातून कागद घेतला. शिशाच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी तो वाचला. मग गहिनीनाथकडं वळले.

"माती तपासल्याबिगर इथं एक वीट लागायची न्हाई."

"आप्पा, सगळे कागद झालेत!"

"त्यात मातीच्या तपासणीचा कागद दाखव."

गहिनीनाथनं फाईल उघडली आणि नुसतीच पानं उलटत राहिला.

पुढच्या ग्रामसभेत स्वप्नाली पहिल्यांदा बोलायला उभी राहिली. "जिथं भट्टी होती, कारखाना होता, कचरा पुरला होता, तिथली माती आणि पाणी आधी प्रयोगशाळेत पाठवा. मग घर बांधा, शाळा बांधा, हौसेनं नारळ फोडा. अन् ज्यांनी ज्यांनी पुडी नेलीय, त्यांनी उद्याच लेकरांचं रक्त तपासा. लाजू नका. मी माझ्या हातानं चारलीय."  ठराव एकमतानं झाला.

कस्तुरी आता जेवते. दुसऱ्या रिपोर्टात शिसं उतरलंय. पण डोक्यावर किती परिणाम झाला, ते शाळेत गेल्यावरच कळेल, असं डॉक्टर म्हणाले.

काल तिनं पत्र्यावरच्या पाखराकडं बोट केलं आणि म्हणाली, "आई, चिनमी!"

सगळीच लेकरं असं बोलतात. हे ठाऊक असूनही स्वप्नाली हातातलं काम टाकून तिच्यासमोर उकिडवी बसली आणि हळू म्हणाली, "चिमणी. म्हण बाळा, चि-म-णी."