टाळ मऊ शिजवावी

मित्रांनो, माझ्या अंगावर एकेकाळी अख्खं लग्न छापलेलं होतं. आता त्यातलं नवरदेवाचं नाव तेवढं उरलं आहे. नवरीचं नाव आणि मुहूर्त धुण्यात गेले. मी कुंभकोणमची एक जुनी पिवळी कापडी पिशवी आहे. आमच्या गावात लग्नाहून निघालेल्या पाहुण्याच्या हाती नारळ आणि विड्याची पानं देतात, ती अशा पिशवीतून. जाडंभरडं कापड, हळदीचा रंग, वर लाल शाईचा ठसा, असं माझं रूप. १९८४ साली मी जन्मले, आणि पहिल्याच दिवशी एक नारळ, दोन केळी आणि पानांची जुडी पोटात घेऊन एका बाईंच्या घरी गेले. माझ्या बहिणी पुढे घरोघरी चिंच आणि जुने कपडे सांभाळत बसल्या. माझ्या वाट्याला साहित्य आलं.

बाईंचं नाव तुळसी. तंजावरच्या मराठी राजांच्या काळात इकडे आलेल्या घराण्यातल्या त्या. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. आधी एका छापखान्यात मुद्रितं तपासत. लिहिणारे गावोगाव आहेत आणि छापणारे लांब आहेत, हे तिथे त्यांच्या लक्षात आलं. मग त्यांनी नोकरी सोडली आणि त्या लेखकांच्या एजंट झाल्या. लेखकाचं बाड घ्यायचं, प्रकाशकाच्या दारात जाऊन बसायचं आणि तो हो म्हणेपर्यंत उठायचं नाही, हा त्यांचा धंदा.

दाराशी त्यांनी 'एजंट' अशी पाटी लावली. गावाला एजंट म्हणजे विम्याचा, एवढंच ठाऊक. एक गृहस्थ आले आणि माझी पॉलिसी कधी पिकेल, असं विचारू लागले. बाईंनी शांतपणे सांगितलं की पॉलिसीचं मला कळत नाही, पण तुम्ही आयुष्य लिहून आणलंत तर मी ते छापून देईन. मित्रांनो, तीन महिन्यांनी ते खरोखरच चारशे पानं घेऊन आले. ती वाहिली मीच.

सकाळी कॉफीचा पहिला घोट पोटात जाण्याआधी ओसरीवर एखादा कवी येऊन बसलेलाच असे. कविता ठेवून जा म्हटलं तरी कवी ती वाचून दाखवल्याशिवाय हलत नाही. तिरुभुवनम्चा एक रेशीम विणणारा साडीच्या नक्षीच्या कागदावरच कविता लिही. त्यातली वेल कुठली आणि ओळ कुठली, हे बाईंना चष्मा लावून शोधावं लागे. रेल्वेतले एक निवृत्त गार्ड रहस्यकथा लिहीत. त्यांच्या गोष्टीत गाडी नेहमी वेळेवर येई, खून मात्र उशिरा होई. दुपारी पोस्टात जायचं, संध्याकाळी मुद्रितं तपासायची, आणि महिन्यातून एकदा मला खांद्याला लावून मद्रास गाठायचं.

मद्रासला पिवळी पिशवी म्हणजे खेडवळ माणूस. प्रकाशकांचे रखवालदार मला पाहिलं की बाईंना मागचं दार दाखवत. बाई पुढच्याच दाराने जात. एखादी कातडी बॅग घ्या, असं त्यांना पुष्कळांनी सुचवलं. पिशवी बदलून माझे लेखक बदलणार आहेत का, असं त्या विचारत. तेव्हा मला फार बरं वाटे, हे मी लपवत नाही.

मग १९८७ मध्ये गोमतीमावशी आल्या. मराठी घरांतल्या लग्नांचा स्वयंपाक करता करता त्या सत्तरीला पोचल्या होत्या. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. त्यांनी एक जाड वही बाईंपुढे ठेवली. कढी, वरण, भाज्या, सारं त्यांनी स्वतः लिहिलं होतं, आपल्या बोलीत. मात्र अक्षरं तमिळ होती, कारण शाळेत तेवढीच शिकवली होती. त्यांच्या नाती मद्रासला फक्त तमिळ बोलत.

"मी गेलें म्हणजे हें सगळें मजबरोबर जाईल," मावशी म्हणाल्या. "तूं हें मराठी अक्षरांत छापून आण. पण माझें बोलणें बदलूं नको."

"सरि मावशी," बाईंनी शब्द दिला. सरि म्हणजे बरं.

आता बाईंची चूक सांगते. त्यांची बाजू घेणार नाही. देवनागरी त्यांना येत होती, वडिलांनी पोथी वाचायला शिकवली होती. पण हाताशी सात बाडं पडून होती. म्हणून त्यांनी वही चंद्रमौली पंडितांना नकलून काढायला दिली. पंडित हिंदीचे वर्ग चालवत. देवनागरी सुरेख लिहीत, पण मराठीचा गंध नव्हता. आणि तमिळ लिपीत ट आणि ड ला एकच अक्षर, क आणि ग ला एकच, त आणि ध लाही एकच. वाचणाऱ्याने ओळखून घ्यायचं. पंडितांनी आपल्या मनाने ओळखलं. बाईंनी पानं न वाचताच पुण्याच्या प्रकाशकांकडे पाठवून दिली.

महिन्याभराने उत्तर आलं. आपल्या पुस्तकात 'टाळ मऊ शिजवावी' असे आहे, असं प्रकाशकांनी लिहिलं होतं. पुढे 'गडी उकळूं नये, फुटते' असे आहे, आणि 'वाढतांना वर चमचाभर धूप घालावें' असेही आहे. आपल्याकडे टाळ खातात हे आम्हांस ठाऊक नव्हते, मग भजनात काय वाजवता?

बाई हसल्या. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. डाळीचा टाळ झाला होता, कढीचा गडी आणि तुपाचा धूप. मग डोळे पुसले. त्यांनी पत्र माझ्यात घातलं आणि तडक मावशींच्या घरी जाऊन आपण आळस केला हे कबूल केलं. मावशी रागावल्या नाहीत. पुन्हा लिहायला किती दिवस लागतील, एवढंच त्यांनी विचारलं. डोळे तोवर राहतील का, हा त्यामागचा प्रश्न मलासुद्धा कळला.

त्यानंतर चार महिने बाईंनी दुपारी पोस्टात जाणं बंद केलं. कवींना सकाळीच वाटेला लावत. मी मावशींच्या स्वयंपाकघरात खुंटीला लटके. मावशी सांगत आणि बाई लिहीत. शंका आली की मावशी तो पदार्थ करूनच दाखवत. माझ्या शिवणीत हिंगाचा वास बसला तो अजून आहे. गार्डसाहेबांची रहस्यकथा त्या काळात पडून राहिली. त्यांनी तक्रार केली, तेव्हा तुमचे खून नाहीतरी उशिराच होतात, असं बाई म्हणाल्या.

नवी प्रत झाली आणि आम्ही दोघी गाड्या बदलत पुण्याला गेलो. प्रकाशक सज्जन होते. त्यांनी चहा मागवला, पानं चाळली, पदार्थांची तारीफ केली आणि मग लाल पेन्सिल उचलली. रांधावें ऐवजी शिजवावे. 'होणें तितकें मीठ' नको, 'हवे तितके मीठ'. पहिल्याच पानावर सतरा खुणा झाल्या.

"बाई, भाषा तेवढी आम्ही दुरुस्त करून घेतो," ते म्हणाले. "असं मराठी आज कोणी बोलत नाही."

"आम्ही बोलतों की," बाई म्हणाल्या.

प्रकाशक समजावू लागले. लोक हसतील, पुस्तक पडून राहील. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि पानं माझ्यात भरायला लागल्या. भरलेली पिशवी खूश असते, पण त्या दिवशी मी भरत गेले तसतसं मला जड झालं. मराठीत छापणारा दुसरा कोणी बाईंच्या ओळखीचा नव्हता आणि मावशींच्या डोळ्यांना वेळ नव्हता. चार शब्द बदलले असते तर मावशींना कळलंही नसतं, कारण त्यांना देवनागरी वाचता येत नव्हती. बाईंना हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. तरी त्या उठल्या, बाहेरच्या बाकावर जाऊन बसल्या आणि तिथून हलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही येऊन बसल्या.

तिसऱ्या दिवशी प्रकाशकांच्या छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवणारे कृष्णराव पाणी प्यायला बाहेर आले. त्यांनी ही बया रोज इथे कशाला, अशा नजरेने पाहिलं. बाईंनी एक पान त्यांच्या हाती दिलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं आणि पान घेऊनच आत गेले.

"साहेब, आमच्या मालवणाकडे अजून रांधतातच," त्यांनी सांगितलं. "हे मी जुळवतो. आहे तसं."

प्रकाशकांनी पेन्सिल खाली ठेवली. शेवटी म्हणाले की मागे शब्दांचे अर्थ द्या, मग छापतो. बाईंनी ते अर्थ त्याच बाकावर बसून लिहिले.

पुढच्या वर्षी पुस्तकांचं पार्सल आलं. पहिली प्रत माझ्यात घालून बाई मावशींकडे धावल्याच. मावशींना आता उजेड आणि अंधार एवढाच कळत होता. त्यांनी पुस्तकावरून हात फिरवला आणि बाईंना म्हणाल्या, कढी वाच. बाई वाचू लागल्या तशा मावशी उठल्या, चाचपडत चुलीपाशी गेल्या आणि पुस्तक सांगेल तसं करू लागल्या. हजारो वेळा केलेली कढी, पण बाईंनी वाचल्याशिवाय त्यांनी मोहरीसुद्धा टाकली नाही. शेवटी पळीतली थोडी कढी तळहातावर घेऊन त्यांनी चाखली.

"हें माझेंच आहे," मावशी म्हणाल्या. "कोणी हात लावला नाहीं."

बाई तोंडाला पदर लावून रडल्या. मित्रांनो, मला रडता येत नाही, नाहीतर मीही रडले असते.

पुढे प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. माझा एक बंद तुटला आणि बाईंनी तो दोनदा शिवला. आता मी दाराआड खिळ्याला असते. माझी काही तक्रार नाही. एकच गोष्ट मनाला लागते. मावशींना दुसरं पुस्तक सांगायचं होतं, लोणच्यांचं. बाई म्हणाल्या, पोंगलचा सण होऊ द्या, मग बसू. पोंगलच्या आधीच मावशी गेल्या.

माझा बंद तुटला तर टाका घालता येतो. ती लोणची मात्र आता कोणालाच विचारता येत नाहीत. तुमच्या घरात कोणी म्हातारं माणूस निराळं बोलत असेल तर हसू नका, आणि लाल पेन्सिल तर काढूच नका. सण होऊ द्या असं म्हणू नका. आज घरी गेलात की वही घेऊन त्यांच्याजवळ बसा, आणि लोणच्यांपासून सुरुवात करा.