सोळा अक्षरांचं नाव

आमच्या ऑफिसात माझ्या बायकोला सगळे चाळणी म्हणतात. तपासायला गेलेल्या प्रोग्राममधला एकही खडा तिच्या हातून सुटत नाही. महिन्यापूर्वी ती बहिणीकडे राहायला गेली, हेही ऑफिसात सगळ्यांना ठाऊक. त्यामुळे तिने पकडलेली चूक माझ्याच टेबलावर आली, तेव्हा शेजारच्यांनी माना खाली घातल्या. मला काही वाटलं नाही. त्या महिन्यात कशाचंच काही वाटत नव्हतं. घास गिळायचे, अंघोळ उरकायची, ऑफिसला यायचं.

दवाखान्यात खाटेशेजारी असतात ती यंत्रं आम्ही बनवतो. त्यांच्यासाठी सी भाषेची स्टँडर्ड लायब्ररी, म्हणजे सगळ्या प्रोग्रामना लागणाऱ्या तयार फंक्शनांचा संच, तोही आम्हीच लिहिला. त्यातलं मजकूर जुळवून देणारं फंक्शन माझं, पोटच्या पोरासारखं जपलेलं. काही पेशंटांची नावं टाकली की यंत्र मधेच बंद पडून पुन्हा सुरू व्हायचं.

ती खुर्ची ओढून बसली, पण मधे आणखी एक खुर्ची मावेल एवढं अंतर ठेवून.

"नाव सोळा अक्षरांचं असलं की पडतं," ती म्हणाली. "एक अक्षर कमी केलं की काही होत नाही."

"जागाच सोळाची आहे. शेवटचं शून्य बसणार कुठे?" मजकूर कुठे संपला हे कळायला सी भाषेत शेवटी शून्य ठेवतात. "चूक नाव भरणारा प्रोग्राम लिहिणाऱ्याची."

"तो तुझ्या फंक्शनला स्पष्ट सांगतोय, सोळाच अक्षरं घे. मग शून्य लागतंच कशाला? सी भाषेचा नियम काढून वाच."

नाचता येईना अंगण वाकडं, असं ती म्हणाली नाही. तिची भुवई म्हणाली.

नियम तिच्या बाजूने होता. मग मी एकेक ओळ चालवत बसलो आणि त्यात दुपार गेली. सोळा घे म्हटल्यावरही माझं फंक्शन आधी अख्ख्या मजकुराची लांबी मोजायला जायचं, आणि मग सोळावर कापायचं. शून्य नसलं की मोजणी थांबायची नाही. सोळा ओलांडून परक्या जागेत शिरायची, आणि नको तिथे पाय पडला की यंत्र बंद.

"मागितलंय तेवढंच का नाही घेत?" तिने विचारलं.

"आधी शेवट कळलेला बरा, असं वाटलं लिहिताना."

स्क्रीनवरची नजर न काढता ती म्हणाली, "मी थोडे दिवस मागितले होते. तू दारातच अडवलंस, परत येणार की नाही ते आत्ता सांग. मला कुठे माहीत होतं तेव्हा?"

मी ओळ बदलली. सांगितलंय तिथपर्यंतच मोज, शून्य आधी भेटलं तर तिथेच थांब. तिने सोळा अक्षरांचं नाव टाकलं. यंत्र चालू राहिलं. आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

तिने पर्स उचलली. "रविवारी येईन. स्वेटर न्यायचेत. चहा घेईन."

"बरं."

ती दाराशी थांबली. माझा पुढचा प्रश्न तिला पाठ होता. महिन्याभरात पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं. छातीत असं दुखलं की विचारूनच टाकावं, स्वेटर नेतेस ते कायमचे का. नाही विचारलं.

"येते," ती म्हणाली आणि गेली.

जिन्यावरची तिची पावलं मात्र मी शेवटच्या पायरीपर्यंत मोजली.